रंग गेला कुठे?



मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, पण घर इथलंच, निरगुडसरचं. आज माझ्याच एका चुकीबद्दल बोलणार आहे.

ईदच्या आधी अम्मीची खोली रंगवायला काढली होती. खोली 12 बाय 10, उंची 10 फूट. मी मनातल्या मनात हिशोब केला आणि पाच लिटर रंग आणला. पहिला हातही पुरा झाला नाही, तोच रंग संपला. रंगारी आपल्याच आळीतला मुलगा, दहावीला गणितात अडकला आणि शाळा सुटली. सगळ्यांदेखत मी त्याला विचारलं, "रंग गेला कुठे?"

तो काही बोलला नाही. कानावरची पेन्सिल काढून त्यानं कोऱ्या भिंतीवर हिशोब मांडला. खोलीचा घेर 44 फूट, गुणिले उंची 10, झाले 440 चौरस फूट. दार 7 बाय 3, दोन खिडक्या 4 बाय 4, म्हणजे 53 वजा. उरले 387. वर स्लॅबचे 120. एकूण 507. दोन हातांचे 1014.

मी स्लॅब विसरलो होतो, दुसरा हातही. डब्यावर लिहिलं होतं, एका लिटरमध्ये एका हाताला 120 चौरस फूट. तो म्हणाला, "भाईजान, तो आकडा गुळगुळीत भिंतीचा. ही जुनी भिंत रंग पिते. मी एक लिटर मोजून लावला, 90 फूटच झाले."

म्हणजे 90 × क्ष = 1014. क्ष = 11.27. बारा लिटर लागणार होते. डिग्री माझ्याकडे होती, बीजगणित त्यानं केलं.

हे गणित अशाच कामांसाठी जन्मलं. 'अल्जिब्रा' हा शब्द इ.स. 820 च्या सुमारास बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी लिहिलेल्या ग्रंथाच्या नावातल्या 'अल-जब्र'वरून आला. वारशाच्या वाटण्या, व्यापार, जमिनीची मोजणी, कालवे खोदणं, यासाठी तो ग्रंथ होता. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या 1150 च्या 'लीलावती'तही विटांच्या थरांचा हिशोब आहे.

फरशीलाही हीच रीत. 120 चौरस फुटांना 2 बाय 2 च्या 30 फरश्या. कापण्या-फुटण्यासाठी दहा टक्के जादा धरा, 33 आणा.

मी त्याची माफी मागितली, तीही सगळ्यांदेखत.

तुमच्यापैकी जे काम करून घेतात, त्यांनी शंका घेण्याआधी टेप घेऊन मोजावं. आणि जे रंगकाम, फरशीकाम करतात, त्यांनी उचल घेण्याआधी हा हिशोब कागदावर लिहून मालकाच्या हातात द्यावा. त्या मुलाला हिशोब येत होता, फक्त तो आधी कुणी मागितला नव्हता. आता तो प्रत्येक कामाआधी लिहून देतो. त्याला पुन्हा कुणी तो प्रश्न विचारलेला नाही.