रोबोट जेवला का?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



'तू इंजिनिअर, रोबोटवर बोल,' असं मला सांगितलं गेलं. पण 'रोबोट' हा शब्द जगाला मिळाला तो कारखान्यातून नव्हे, नाटकातून. कारेल चापेक यांचं 'आर. यू. आर.' हे चेक नाटक १९२० साली प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी आपल्या रहिमतपुरात वसंत कानेटकर जन्मले!

त्या नाटकात रोबोटला वेदना जाणवावी म्हणून खटपट चालते. कारण प्रेम नव्हे. दुखत नाही म्हणून ते स्वतःचीच मोडतोड करून घेतात, आणि नुकसान मालकाचं!

आपल्याला यंत्रात नेमकं काय हवं असतं? स्मरणशक्ती, चिकाटी, न चिडणं. कर्ट ग्रे आणि डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञांनी २०१२ साली दाखवलं, की यंत्र नुसतं काम करतं म्हटलं तर माणसं फारशी बिचकत नाहीत. त्याला भूक, भीती जाणवते म्हटलं की मात्र बिचकतात.

आता घरचीच गोष्ट सांगतो. आई इथे गावात एकटी असते. मी तिच्यासाठी बोलणारं एक यंत्र आणलं. ते गोळ्यांची वेळ सांगतं, अभंग लावतं, एकच प्रश्न दहा वेळा विचारला तरी कंटाळत नाही. खरं सांगायचं, तर मी एवढा धीर कधी दाखवला नाही. मी निर्धास्त झालो. महिन्याची फेरी तीन महिन्यांवर गेली.

दिवाळीत आलो तेव्हा यंत्र कापडाखाली झाकलेलं. विचारलं, तर म्हणाली, "गुणी आहे रे. पण एकदा त्याला विचारलं, जेवलास का? तर म्हणालं, मला भूक लागत नाही. ज्याला माझ्याकडून काहीच नको, त्याच्याशी रोज काय बोलू?"

मी गप्प झालो. मी तिची काळजी घेणारं यंत्र शोधत होतो. तिला काळजी करायला कुणीतरी हवं होतं.

यंत्र वाईट नाही. गोळ्यांची आठवण ते आजही करतं. पण माझी फेरी पुन्हा दरमहा सुरू झाली आहे. येताना भूक ठेवून येतो.

आज इथलं जेवण झाल्यावर ज्यांचे आई-वडील, गुरुजी, बाई गावात आहेत, त्यांनी पाच मिनिटं तरी त्यांच्या दारात जावं आणि चहाला नाही म्हणू नये, एवढंच सांगतो.