भेव दाखवा, आशा लावा, मत न्या!

(भातकुली येथील युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



निवडणूक आली की आपल्या वस्तीत दोन व्यापारी येतात. एक भेव विकतो, दुसरा आशा विकतो. दोघांची गाडी एकच, भोंगाही एकच. दर पाच वर्षांनी आपण दोघांचाही माल घेतो अन् मोबदल्यात मत देतो. हा सौदा कसा होते, तेच आज बोलायचं आहे.

2024 चं वर्ष आठवा. एप्रिलमध्ये लोकसभेचं मतदान झालं. तिकडून 'चारशे पार'चा नारा आला अन् सत्ताधारी पक्षातल्या काही पुढाऱ्यांनी घटना बदलण्याची भाषा केली. आपल्या वस्त्यांमध्ये भेव शिरलं. ते खोटं नव्हतं. ज्याच्या अंगावर घटना हेच एक कापड आहे, तो ते ओढलं जाताना भेणारच! अमरावतीत काँग्रेसचे बळवंत वानखडे निवडून आले. राज्यात 48 पैकी 30 जागा महाविकास आघाडीनं नेल्या. मग नोव्हेंबरात विधानसभा आली. आता भेव दुसऱ्याच्या दुकानातलं होतं, 'बटेंगे तो कटेंगे'. त्याच्यासंगं आशाही होती : लाडक्या बहिणीचे 1500 रुपये, अन् निवडून दिलं तर 2100. सहा-सात महिन्यांत राज्याचा कौल पार उलटला. पुढं 2025 मध्ये त्या योजनेची छाननी लागली अन् लाखो बायांचे पैसे थांबले.

मी त्या 1500 रुपयांची टिंगल करणार नाही. निंदणाला जाणाऱ्या बाईला विचारा, 1500 म्हंजे काय असते ते. टिंगल करतात ते पोट भरलेले लोक. माझा सवाल वेगळा आहे. जे हक्काचं आहे ते ओवाळणी म्हणून का येते? हक्क काढून घेता येत नाही, ओवाळणी येते. म्हणून तिच्या पोटातच भेव लपलेलं असते : 'आम्ही गेलो तर हे बंद होईल.' आशा दाखवणारा अन् भेव दाखवणारा असा एकच माणूस असते, बावा!

आता आपल्या मातीवर या. हा पूर्णेचा खारपाणपट्टा. विहीर खणली तं पाणी खारं, बोअर मारली तं पाणी खारं. गोड पाणी येते ते नळानं, दुरून. म्हणजे ज्याच्या हातात नळाची चावी, त्याच्या हातात आपला घसा. निवडणुकीआधी तोच नळ आशा असते : 'पाइपलाइन देतो.' निवडणुकीनंतर तोच नळ भेव असते : 'तुमच्या मोहल्ल्यानं आमाले मतं नाही देल्ली.' मी एका गावात हे डोळ्यांनी पाहिलं आहे. ग्रामपंचायतीचा निकाल लागला अन् वस्तीचा नळ कोरडा पडला. कारण विचारलं तं म्हणे मोटर जळली. मोटर जळाली होती, पण पाणी वरच्या आळीत बरोबर येत होतं!

लोक म्हणतात, मतदान गुप्त आहे, भेता कायले? मित्रांनो, माणसाचं मत गुप्त आहे, वस्तीचं मत उघडं आहे. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक बूथांच्या पत्रिका मोजणीआधी मिसळायची सोय होती. यंत्र आलं अन् मोजणी बूथवार झाली. कोणत्या बूथवर कोणाला किती मतं, हे छापून येते. बूथवर हजार-बाराशे मतदार. त्यात आपली वस्ती एका अंगाला. पाटलाचं पोरगं बोटावर हिशेब करते. सगळ्या यंत्रांची मतं एकत्र मोजणाऱ्या टोटलायझरचा प्रस्ताव निवडणूक आयोगानं 2008 मध्ये दिला, विधी आयोगानं 2015 मध्ये तो उचलून धरला. पण सरकारनं तो लागू केला नाही. का करतील? भेव हेच ज्याचं भांडवल, तो भांडवलाला आग लावेल काय?

बाबासाहेबांना हा खेळ ठाऊक होता. 1932 च्या पुणे करारानं राखीव जागा मिळाल्या, पण निवडून द्यायचं सगळ्यांनी. म्हणजे उमेदवार आपला, पण पसंती त्यांची! खुद्द बाबासाहेब 1952 मध्ये मुंबईत पडले, 1954 मध्ये भंडाऱ्यात पडले. घटना लिहिणाऱ्याला पाडणारी ही व्यवस्था तुम्हा-आम्हाला सुखानं बसू देईल, ही आशा सोडा.

1974 च्या जानेवारीत मुंबईच्या पोटनिवडणुकीत पँथरनं हा सौदाच नाकारला. बहिष्कार पुकारला. वरळी पेटली. 10 जानेवारीला मोर्चात भागवत जाधव मारले गेले. काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्ट रोझा देशपांडे निवडून आल्या. त्या दिवशी पहिल्यांदा भेव तिकडं गेलं, प्रस्थापिताच्या घरात. पण नुसतं दुसऱ्याला भेवाडून आपलं राज्य येत नाही, हेही तेव्हाच कळलं.

आशेचंही एक साल सांगतो. 1998. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, मुंबईतून रामदास आठवले. रिपब्लिकनांचे चार खासदार, अन् चारही खुल्या जागांवरून! गट एक झाले, दुसऱ्यांशी बरोबरीनं समझोता केला, म्हणून झालं. पुढच्याच वर्षी गटबाजी परतली अन् ती आशा आपल्याच लोकांनी मोडीत काढली. याचा दोष मनुवाद्यांच्या खात्यात टाकून मोकळं होऊ नका.

मग करायचं काय? मी तुम्हाला निर्भय व्हा असं सांगणार नाही. उद्या ज्याच्या वावरात रोजीनं जायचं, त्याचं भेव लागणारच. पण भेव एकट्याचं असलं तं ते साखळी होते, अन् सगळ्यांनी बोलून दाखवलं तं तक्रार होते. मत देऊ नको किंवा अमक्यालाच दे म्हणून दलिताला धमकावणं, हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. हे कलम पाठ करा. धमकी देणाऱ्यासमोर तोंडपाठ म्हणा.

आशेचंही तसंच. भोंग्यावरचं वचन धरू नका. पाइपलाइन, गायरान, घरकुल, जे काय असेल ते ग्रामसभेच्या ठरावात तारखेसह लिहून घ्या. अन् खरं काम निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून आहे. त्या दिवशी भोंगा बंद असते, पुढारी गायब असते, अन् नळ कोरडा पडते. तेव्हा सारी वस्ती घागरी घेऊन ग्रामपंचायतीच्या दारात बसली पाहिजे. दादासाहेब गायकवाडांचा 1964 चा भूमिहीनांचा सत्याग्रह कोण्या जाहीरनाम्यात नव्हता. माणसं तुरुंगात गेली, तेव्हा जमिनीची आशा पैदा झाली. विकत घेतलेली आशा मतदानाच्या संध्याकाळी संपते. स्वतः पैदा केलेली पोरांच्या कामी येते.

पुढच्या वेळी गाडी येईल तेव्हा भोंगेवाल्याला थांबवा अन् एकच विचारा : 'बापू, मागच्या ठरावाचं काय झालं?'

जय भीम!