आपली मुले खरोखर वाचतात काय?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



 आम्ही कोणी विद्वान नव्हे. १९७५ साली मॅट्रिक झालो, दोन वर्षे अध्यापन विद्यालयात काढली आणि १९७८ पासून २०१७ पर्यंत सातारा जिल्ह्यात, त्यातही बहुतेक काळ माण तालुक्याच्या गावांतून, प्राथमिक शिक्षक म्हणून चाकरी केली. पहिली ते चौथीच्या मुलांपलीकडे जग असे आम्ही फारसे पाहिलेच नाही. तेव्हा ज्या एका गोष्टीत आमची हयात गेली तिच्याविषयीच बोलावे हे बरे. ती गोष्ट म्हणजे मुलांचे वाचन.

नुकताच दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार झाला. टाळ्या आम्हीही मनापासून वाजविल्या. परंतु त्या वाजवीत असता डोळ्यांपुढे जी मुले उभी राहिली, ती या व्यासपीठावर कधीच आली नाहीत आणि येणारही नाहीत. त्यांपैकी एकाची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही. मात्र तो आपल्यातलाच आहे आणि त्याची संमती घेऊनच आम्ही हे बोलत आहोत.

१९८६ च्या सुमाराची गोष्ट. आमच्याकडे तिसरीचा वर्ग होता. तपासणीस साहेब आले. त्यांनी या मुलास उभे करून धडा वाचावयास सांगितला. मुलाने पुस्तक उघडले आणि कोठेही न अडखळता पानभर मजकूर घडाघडा म्हटला. साहेब प्रसन्न झाले. आम्ही मुलाच्या मागेच उभे होतो. त्याने उघडलेले पान निराळ्याच धड्याचे होते! इतरांचे ऐकून ऐकून त्याने सारा धडा पाठ केला होता. आम्ही हे पाहिले आणि पाहून गप्प राहिलो. वर्गास ‘उत्तम’ असा शेरा मिळाला. उद्यापासून या मुलास जवळ घेऊन बसावे असे मनाशी ठरविले खरे, पण तो उद्या उजाडलाच नाही. दोन महिन्यांत आमची बदली झाली.

मुलगा सातवीपर्यंत ढकलला गेला. पुढे वडिलांच्या दुकानी बसला. हात कसबी होता, त्यामुळे धंदा बरा चालला, तीन शिवणयंत्रे झाली. २००९ साली एक दिवस तो आमच्या घरी आला व एक नोटीस पुढे करून म्हणाला, “गुरुजी, एवढे जरा वाचून दाखवा.” शेजाऱ्याने कर्ज काढले होते, त्याच्या कागदावर याने सही केली होती. आपण साक्षीदार आहोत असे त्यास सांगण्यात आले होते. वस्तुतः तो जामीनदार होता. तीनपैकी दोन यंत्रे त्यास विकावी लागली. आम्ही काहीशा रागानेच विचारले, “अरे, सही करताना कागद हातात होता ना?” तो म्हणाला, “होता की गुरुजी. अक्षरेही लागत होती. पण वाचून मला अर्थ कोठे लागतो? तुम्हांला तर ठाऊकच आहे.”

तुम्हांला तर ठाऊकच आहे! आम्ही त्या दिवशी पान पाहिले होते हे त्या पोराने तेवीस वर्षे मनात ठेवले होते. त्या वाक्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही.

बंधुभगिनींनो, असे मूल क्वचित आढळते असे कोणी समजू नये. ‘प्रथम’ या संस्थेच्या वतीने २००५ सालापासून ‘असर’ नावाची पाहणी होत आली आहे. कार्यकर्ते खेडोपाडी घरी जाऊन मुलास एक उतारा वाचावयास देतात. ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांसच दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता येतो, असे तीत वारंवार दिसून आले आहे. केंद्र शासनाने २०२१ साली ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले ते याच काळजीने. तिसरी पूर्ण होईतो प्रत्येक मुलास समजून वाचता यावे हे त्याचे उद्दिष्ट असून त्यासाठी २०२६-२७ ची मुदत धरली आहे. तिसरीच का, असे आपण विचाराल. तिसरीपर्यंत मूल वाचावयास शिकते. चौथीपासून त्याने वाचून इतिहास, भूगोल, विज्ञान शिकावे अशी अपेक्षा असते. ज्याच्याशी पुस्तक बोलतच नाही, त्याच्यावर तेथून पुढचे सारे विषय एकदमच बंद होतात. आणि आपण त्यास ‘अभ्यासात लक्ष नाही’ म्हणून बोल लावतो.

आता घराविषयी. पालक आम्हांस म्हणत, “गुरुजी, आम्ही अडाणी, आम्ही काय शिकविणार?” अशा वेळी आम्ही आमच्या मातुःश्रींची गोष्ट सांगत असू. मातुःश्रींना अक्षरओळख नव्हती. त्या काळी वाण्याकडून साखर, डाळ येई ती वर्तमानपत्राच्या पुड्यांतून. मातुःश्री पुडी सोडीत, कागद हाताने सारखा करीत आणि आमच्यापुढे टाकून म्हणत, “वाच, काय झाले आहे ते.” चुलीपाशी बसून आम्ही वाचीत असू. कधी खुनाचा खटला, कधी कोठल्या सभेचा वृत्तान्त, कधी नुसताच बाजारभाव. मध्येच कागद फाटलेला असे. “मग पुढे काय झाले?” त्या विचारीत. पुढचा मजकूर तर दुसऱ्या कोणाच्या तरी डाळीबरोबर गेलेला! “मग तुला काय वाटते, काय झाले असेल?” हा त्यांचा दुसरा प्रश्न. उत्तर देण्यासाठी आम्हांस मागचे चार परिच्छेद पुन्हा वाचावे लागत. अध्यापन विद्यालयात पुढे आकलन, अनुमान वगैरे पुष्कळ शब्द शिकलो. पण ते सारे त्या दोन प्रश्नांत आधीच येऊन गेले होते.

म्हणून आमचे सांगणे असे की, घरी शिकवणारा माणूस नसला तरी चालेल, ऐकणारा मात्र हवा. रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे मुलाने मोठ्याने वाचावे आणि घरातील एकाने, हातातील मोबाइल बाजूस ठेवून, ते ऐकावे. प्रथम वडिलांनी वा आजीने पानभर वाचून दाखवावे, मग मुलाने दोन ओळी वाचाव्या. मूल अडखळले तर तत्काळ शब्द पुरवू नये. वाक्य संपू द्यावे. पुष्कळदा वाक्याच्या शेवटी चूक त्याची त्यालाच कळते आणि ते मागे फिरते. मागे फिरणारे मूल वाचीत आहे असे निःशंक समजावे. न फिरता पुढे धावणाऱ्याची चिंता करावी. तेच तेच पुस्तक दहा वेळा वाचते म्हणून रागावू नये. आणि वाचताना मारू तर कदापि नये. आम्ही पहिली काही वर्षे छडी वापरली आहे. छडीने मूल मोठ्याने वाचू लागते, समजून नव्हे.

पुस्तके घरात नाहीत ही सबबही फारशी खरी नाही. आपला पिढीजात धंदा शिवणकामाचा. ज्यांच्या घरी अजून दुकान आहे त्यांच्याकडे मापाची वही असतेच. संध्याकाळी मुलास जवळ घ्या आणि गिऱ्हाइकांची नावे, उंची, छाती, कंबर, बाही हे त्याच्याकडून वाचून घ्या. “उद्या कोणाचे कपडे द्यावयाचे आहेत ते बघून सांग,” एवढे काम त्यास द्या. आपल्या वाचण्यावर वडिलांचे काम अडले आहे हे कळल्यावर मूल जे चित्त लावते, ते धड्यास लावीत नाही. लग्नपत्रिका, विजेचे देयक, औषधाच्या वेष्टनावरील मजकूर, एस.टी.ची पाटी, सारे वाचनच आहे. आणि ‘किशोर’ मासिक तर १९७१ सालापासून बालभारती खास मुलांसाठी काढीत आली आहे.

मोबाइलविषयी सारेच बोलतात. आमचा नातू हवे ते यंत्रास तोंडाने विचारतो आणि यंत्र त्यास तोंडानेच उत्तर देते. त्याला ना लिहावे लागते ना वाचावे लागते. यात त्याचा दोष काय? यंत्र त्याच्या हाती आम्हीच दिले.

आता शाळेविषयी. येथे आम्ही आपल्या व्यवसायबंधूंची बाजू घ्यावी अशी अपेक्षा असेल, पण ती पुरती घेता येत नाही. आमच्या लहानपणी प्रथम सारी मुळाक्षरे, मग सारी बाराखडी आणि त्यानंतर कोठे शब्द, असा क्रम होता. ज्ञ पर्यंत पोचेतो महिने निघून जात आणि तोवर अर्थाचा एक घासही मुलाच्या तोंडी पडत नसे. त्यापेक्षा ग, म, भ, न ही वळणाने जवळची चार अक्षरे घेतली की मन, मग, नभ, गगन, नमन असे शब्द लगेच होतात. एक काना दिला की मामा, नाना, नाग, भाग. आम्ही फळ्यावर ‘नाना, गा ना’ असे लिहीत असू. शाळेच्या ओट्यावर गावातील एक नाना रोज बसत. मुले वाक्य वाचीत आणि त्यांच्याकडे पाहून खो खो हसत. वाचून हसू आले, म्हणजे वाचन झाले.

अडचणी कोठे येतात हेही पालकांनी जाणावे. पहिली वेलांटी लिहावयाची अक्षराच्या आधी आणि उच्चारावयाची नंतर. ‘सूर्य’ मधील र डोक्यावर बसतो, तोच ‘चक्र’ मध्ये पायाशी जातो. ‘चार’ मधील च निराळा, ‘चारा’ मधील निराळा, लिहावयाचा मात्र एकच. मूल येथे थांबले तर ते मंद नव्हे. तो मार्गच वळणाचा आहे.

दुसरे असे की, पस्तीस मिनिटांच्या तासात चाळीस मुलांनी पाळीपाळीने वाचावयाचे म्हटले तर एकेकाच्या वाट्यास मिनिटही येत नाही. बाकीचा वेळ ती दुसऱ्याचे ऐकतात आणि पाठ करतात. आमचा तो मुलगा असाच तयार झाला. पुढे आम्ही दोघादोघांच्या जोड्या करून एकाच वेळी साऱ्यांना एकमेकांस वाचून दाखवावयास लावू लागलो. गलका फार होई, शेजारच्या वर्गाचे गुरुजी दार लावून घेत. पण प्रत्येकाचे तोंड चालू राही. पुस्तकांचे कपाट मात्र बरीच वर्षे आम्हीही कुलपातच ठेवले. कारण उघड आहे. पुस्तके जडवस्तुसंग्रहाच्या नोंदवहीत, जिला शाळेत सारे डेडस्टॉक म्हणतात, तीत चढविलेली असतात व हरवली तर शिक्षकास भरून द्यावी लागतात. पुस्तकास जडवस्तू म्हणणे योग्य की अयोग्य, तो वाद येथे नको. शेवटच्या बारा वर्षांत आम्ही कपाट उघडे टाकले. सात पुस्तके गेली. ती आम्ही पदरच्या पैशांनी भरली. महाग पडली असे वाटले नाही.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. इंग्रजी माध्यमात घातलेल्या मुलाचे घरी मराठी वाचन बंद करू नये. जी भाषा घरात नाही तीत मूल प्रथम केवळ उच्चारच करते. अर्थ शोधण्याची सवय मायबोलीत लागली की ती दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडते. दुसरी गोष्ट, पुस्तक नाकाशी धरणाऱ्या मुलाचे डोळे आधी तपासून घ्यावे. आणि हुशार मूल पुष्कळ श्रम करूनही अक्षरांत अडकतच राहिले तर त्यास आळशी न म्हणता तज्ज्ञास दाखवावे. डिस्लेक्सिया म्हणतात तो प्रकार असू शकतो. दहावीच्या परीक्षेतही अशा मुलांस जादा वेळ वगैरे सवलती मिळतात.

आता मंडळास एक विनंती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु शाळा सुटल्यावर वाचावयास काही नसेल तर शिकलेले विसरते, हे त्या राजाने ओळखले. म्हणून १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणवून त्यांनी ग्रंथालये उभारली आणि लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती गावोगाव फिरविली. राजास जे साधले त्याचा शतांश आपणांस साधावा. मंडळाच्या कार्यालयात एक काचेचे कपाट आहे. देणगीदारांची नावे त्यावर सुरेख रंगविली आहेत; आतील पुस्तके मात्र कोणी चाळलेली आम्ही पाहिली नाहीत. शिष्यवृत्तीच्या निधीतून दहावीच्या मुलांस चषक द्यावयाचे ते जरूर द्यावे, पण एखादा चषक कमी करून पहिली ते चौथीच्या मुलांसाठी पुस्तके घ्यावी व ती पेटीत घालून घरोघर फिरवावी. एका घरी पंधरा दिवस पेटी राहील. पुस्तके फाटतील, हे आताच सांगून ठेवतो. हिशेबतपासनिसांनी ते मनावर घेऊ नये.

कार्यवाहांशी आमचे बोलणे झाले आहे. कपाटाची किल्ली पुढील रविवारी आमच्या हाती देण्याचे त्यांनी मान्य केले आहे. पहिली पेटी कोठे जावयाची तेही ठरले आहे. ज्याची हकीकत आपण आता ऐकली त्याची नात यंदा दुसरीत आहे. पेटी त्याच्या दुकानात राहील, आणि संध्याकाळी दुकान बंद करण्यापूर्वी ती त्यास वाचून दाखवील असे त्याने स्वतःच आम्हांस सांगितले आहे. पुढील पेट्यांसाठी ज्यांना नावे द्यावयाची असतील त्यांनी भोजनानंतर आम्हांस भेटावे. आम्ही दाराजवळच्या टेबलापाशी वही घेऊन बसलो आहोत.