देऊ केलेले प्यादे

नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा ती अवघी १९ वर्षांची होती. अंतिम सामन्यात समोर होती अनुभवी कोनेरू हंपी.

पहिल्या डावात पांढरी मोहरी दिव्याकडे होती. सुरुवात जुनीच, वजिराच्या बाजूची: वजिरापुढील प्यादे दोन घरे सरकवावयाचे, आणि शेजारच्या उंटापुढील प्यादे शत्रूच्या तोंडाशी नेऊन ठेवावयाचे. हंपीने ते मारले. वर्गातील मूल येथे हमखास ओरडेल, "प्यादे फुकट गेले!" त्यास दटावू नये, पट पुढे करावा. (जमिनीवर खडूने आखलेला पट आणि रंगविलेले खडे, एवढ्यावरही भागते.) मारलेले प्यादे हट्टाने राखू पाहणाऱ्याची फळी खिळखिळी होते, मधली घरे पांढऱ्याच्या ताब्यात जातात आणि ते प्यादेही बहुधा परत मिळते, हे त्याचे त्यालाच दिसेल.

दिव्याला वरचढ स्थिती मिळाली; तरी डाव बरोबरीतच सुटला. दुसराही तसाच. २८ जुलै रोजी जलद डावांतील पहिलाही बरोबरीत गेला. दुसऱ्यात मात्र काळ्या मोहऱ्यांनी खेळून तिने हंपीला हरविले, आणि त्या विजयासरशी ग्रँडमास्टर हा किताबही तिच्या पदरी पडला.