पडदे नसलेलं वाद्य



आपल्या ग्वाल्हेरच्या जिवाजीगंजात सरोदवादक उस्ताद हाफिज अली खाँसाहेबांच्या वडिलोपार्जित वास्तूत आज ‘सरोद घर’ हे वाद्यांचं संग्रहालय आहे. नातवंडांना एकदा तिथे घेऊन जा आणि सरोदाची पट्टी जवळून दाखवा. सतारीला पडदे असतात, सरोदाला नाहीत. गुळगुळीत पोलादी पट्टी, उजव्या हातात करवंटीचा जवा, डाव्या हाताचं नख तारेवर. गंधार कुठे आहे हे सांगणारी एकही खूण त्या पट्टीवर नसते. नख केसभर सरकलं की स्वर उतरतो, आणि तो उतरलेला कानाला बोचला तरच बोट हलतं. वाद्य शिकणाऱ्या पोराला आपली चूक दुसऱ्याच्या आधी ऐकायची सवय लागते. मला आज बोलायचंय ते या सवयीबद्दल.

मी दहा वर्षांचा असेन. गणपतीत यमन वाजवला. तीव्र मध्यम लागत नव्हता, म्हणून लय वाढवली आणि ती जागा भराभर उडवली. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी गुरुजी चुकीबद्दल अवाक्षरही बोलले नाहीत. “काल जिथे घाई केलीस, तेवढंच सावकाश वाजव,” म्हणाले. तासभर तेच. नखाला तारेची खाच पडली, डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा गुरुजींनी माझा हात मांडीवर घेतला, बारीक कानशीने नख घासून सारखं केलं आणि म्हणाले, “आता पुन्हा.” टाळ्यांनी माझी लबाडी झाकली गेली होती, पण ती माझ्या कानाला ठाऊक होती, आणि गुरुजींच्याही.

हे शिक्षण एकेकाळी दरबाराच्या आणि खानदानांच्या आश्रयाने चालायचं. १९१८ साली माधवराव शिंदे महाराजांनी पंडित भातखंडे यांच्या साहाय्याने माधव संगीत विद्यालय काढलं आणि कारकुनाच्या पोरालाही गुरूसमोर बसता आलं. या गावावर त्या घटनेचे फार मोठे उपकार आहेत, असं मी मानतो.

२०२३ च्या डिसेंबरात किल्ल्यावर १,२८२ जणांनी एकत्र तबला वाजवला. जागतिक विक्रम झाला, त्याचा आनंद आहेच. पण इतक्या हातांना एकाच समेवर यायचं, तर ज्याचा हात जास्त तयार त्याला तो आवरता यायला हवा. हुशार मुलाला ही गोष्ट दुसरीकडे कुठे शिकवतात, सांगा?

पालकांना एक विनंती. ‘किती परीक्षा झाल्या?’ हे विचारायचं थोडे दिवस थांबवा. संध्याकाळी आतल्या खोलीत पोर एकच पलटा वीस वेळा घोकत असेल, तर टीव्हीचा आवाज कमी करा. एकविसाव्या वेळी ते मधेच थांबेल, खुंटी पिळून पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल. थांबायला त्याला कुणीही सांगितलेलं नसेल.