नोकरीची तालीम

पुणे-अहिल्यानगर हमरस्त्यालगत, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीला खेटून असलेल्या कारेगावात, कागदपत्रांची पिशवी काखेत घेऊन कारखान्यांच्या फाटकांशी तिष्ठणारे तरुण दृष्टीस पडतात. पहिल्या उत्साहात एकाच दिवशी पंचवीस अर्ज करून पुढे आठवडाभर हातपाय गाळून बसणे, हे तालमीत पहिल्याच दिवशी बेसुमार जोर काढून दुसऱ्या दिवशी अंथरूण धरण्यासारखेच होय. वस्ताद नवख्याला थोडक्या जोर-बैठकांपासून आरंभ करवितो, मेहनत क्रमाक्रमाने वाढवितो आणि दुबळ्या अवयवाकडे विशेष लक्ष पुरवितो. विश्रांतीही चुकवू देत नाही, कारण स्नायू बळावतात ते तिच्यातच. उमेदवारानेही हीच शिस्त अंगीकारावी: रोज मोजकेच, परंतु जागेनुरूप लिहिलेले अर्ज करावेत, त्यांची तारीखवार नोंद ठेवावी, आयटीआयचा फिटर असूनही मायक्रोमीटर वाचताना अडखळत असेल तर मुलाखतीपूर्वी त्याचाच सराव करावा, आणि आठवड्यातून एक दिवस मनास विसावा द्यावा. राज्य शासनाच्या ‘महास्वयं’ संकेतस्थळावर नावनोंदणी विनामूल्य होते. शिवाय १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यान्वये कारखान्यात विद्यावेतनासह प्रशिक्षण मिळू शकते. नोकरी लावून देण्याच्या सबबीवर अनामत मागणाऱ्या दलालास मात्र दुरूनच नमस्कार करावा.