ऐकू येत नाही, हे सिद्ध करताना

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात वैद्यकीय समाजसेवा विभागातर्फे केलेले भाषण)



शस्त्रक्रियांचे व बाह्यरुग्णांचे आकडे आपण अहवालात पाहिलेच आहेत. समाजसेवा विभागाचे काम सहसा आकड्यांत मावत नाही. म्हणून आज मी एकाच रुग्णाविषयी बोलणार आहे. नाव सांगत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर वीस वर्षे चादरी विणणारे गृहस्थ, एवढी ओळख पुरे.

मेंदूच्या आवरणाला सूज येऊन ते अन्यत्र एका रुग्णालयात दाखल झाले होते. प्राण वाचले. घरी नेताना पत्नीच्या लक्षात आले की, हाक मारली तरी मान वळत नाही. अशक्तपणा असेल, असे सर्वांनी मानले. ते आपल्याकडे आले तेव्हा चार महिने उलटले होते आणि श्रवणचाचणीचा आलेख दोन्ही कानांत 90 डेसिबलच्या पलीकडे गेला होता. त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर 'प्रकृतीत सुधारणा' असा शेरा होता. कानांविषयी एक अक्षरही नव्हते. पुढची सारी पायपीट त्या न लिहिलेल्या ओळीमुळे झाली.

मागाच्या खडखडाटात कान कशाला हवेत, असे मालकांनाही वाटले होते. परंतु धागा तुटला की मागाचा आवाज बदलतो, आणि विणकर तो डोळ्यांआधी कानाने ओळखतो. हे कसब गेले. दोन महिन्यांत काम सुटले.

शासकीय सेवेत असते तर चित्र वेगळे असते. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास काढून टाकता येत नाही. 1995 च्या कायद्यात ही तरतूद होती आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही आहे. परंतु ती शासकीय आस्थापनांपुरती. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्याची अनुसूची संपूर्ण बहिरेपण म्हणजे कमाईची शंभर टक्के क्षमता गेली, असे मानत असे. गोंगाटाने येणाऱ्या श्रवणदोषाचीही व्यवसायजन्य आजारांच्या यादीत गणना होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अशी यादी आहे. मात्र आमच्या गृहस्थांचे कान तापाने गेले होते. गोंगाटाने आधीच किती झिजले होते, हे सांगायला जुना आलेख नव्हता. विम्याचा क्रमांक नव्हता, हजेरीपटावर नावही नव्हते. तो मार्ग तिथेच संपला.

राहिला दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा मार्ग. दोन्ही कानांत 70 डेसिबल किंवा अधिक हानी असल्यास व्यक्ती बधिर, 60 ते 70 असल्यास कर्णदोष असलेली, अशी 2016 च्या कायद्याची व्याख्या आहे. बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते. येथे उपस्थित नातेवाइकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अचानक कान जाण्याचा प्रकार बहुधा एका कानाचा असतो, आणि टक्केवारी काढताना चांगल्या कानाला पाचपट वजन देऊन बेरीज सहाने भागतात. त्यामुळे एक कान पूर्ण गेला आणि दुसरा शाबूत असला, तर हाती सुमारे 17 टक्केच पडतात. अशा रुग्णाला मी खोटी आशा दाखवीत नाही. त्याने पहिल्या काही दिवसांतच कानाच्या डॉक्टरांकडे जावे, हेच त्याच्या हिताचे. स्टेरॉइडचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाला तर गुण येण्याची शक्यता अधिक असते. मळ साचला असेल म्हणून तेल घालीत बसू नये.

आमच्या गृहस्थांचे दोन्ही कान गेले असल्याने टक्केवारीची अडचण नव्हती. अडचण रांगेची होती. तपासणीच्या ठिकाणी नाव पुकारले जाते. बहिऱ्या माणसाला बोलावण्याची ही रीत कोणी शोधून काढली, कोण जाणे! दोन वेळा त्यांचे नाव पुकारले गेले, 'गैरहजर' असे लिहिले गेले, आणि ते समोरच्या बाकावर बसून होते. ओठांवरून थोडे कळू लागले होते, पण घरच्या भाषेतले. घरी तेलुगू बोलतात, आणि खिडकीपलीकडची मराठी त्यांना ओठांवरून वाचता येईना. तिसऱ्या वेळी मी सोबत गेलो. त्यांनी स्वतःच खणखणीत आवाजात नाव सांगितले, तेव्हा खिडकीवरील व्यक्ती म्हणाली, "हे तर चांगले बोलतात, मग बहिरे कसे?"

हा गैरसमज एकट्या त्या खिडकीचा नाही. रेल्वेची भाडेसवलतही श्रवण आणि वाचा दोन्ही गेलेल्या व्यक्तीलाच मिळते. प्रौढ वयात बहिरा झालेला माणूस बोलतो, म्हणून तो तिच्या बाहेर राहतो. एस.टी.ने मात्र 40 टक्क्यांवरील दिव्यांगांना 75 टक्के सवलत दिली आहे, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

अखेर प्रमाणपत्र मिळाले. त्यानंतर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज केला. 1980 पासूनची ही योजना. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, बँकेचे खाते, सारे नव्याने जमवावे लागले. आजारपणापासून पहिला हप्ता खात्यात पडेपर्यंत सव्वा वर्ष गेले. त्या काळात घर पत्नीच्या विड्यांवर चालले.

यानंतर मी आपल्याच रुग्णालयाची काही जुनी डिस्चार्ज कार्डे काढून पाहिली. श्रवणाची नोंद तिथेही क्वचितच आढळली. म्हणून विश्वस्त मंडळापुढे दोन मागण्या ठेवतो. मेंदूच्या आवरणाचा दाह झालेल्या, तसेच कानाला अपाय करू शकणारी इंजेक्शने दीर्घकाळ घेतलेल्या प्रत्येक रुग्णाची घरी जाण्यापूर्वी श्रवणचाचणी व्हावी आणि तिचा निष्कर्ष तारखेसह कार्डावर लिहिला जावा. त्यासाठी आवाजबंद खोली हवी. सध्याची खोली जिन्याखाली आहे आणि ट्रॉली गेली की चाचणी थांबवावी लागते. दुसरी मागणी खर्चाची नाही. बहिऱ्या रुग्णासोबत कार्यालयात जाईल, नाव पुकारले की त्याच्या खांद्याला हात लावील, असे दोन स्वयंसेवक हवेत. तेलुगू व कन्नड येत असल्यास उत्तम.

ते गृहस्थ आता एका कारखान्यात चादरींच्या घड्या घालतात. मजुरी पूर्वीच्या निम्म्याहून कमी आहे. या मेळाव्याचे निमंत्रण मी पाटीवर लिहून दाखविले, तेव्हा ते म्हणाले, भाषणे मला ऐकू येणार नाहीत, पण खुर्च्या मांडायला येतो. आज सकाळी आठपासून ते येथे आहेत. आपण ज्या खुर्च्यांवर बसला आहात, त्या त्यांनीच मांडल्या आहेत.